नातवंड पहिल्यांदा छातीशी धरले तेव्हा : आपले अनुभव

कृष्णाकाठ :
आज सकाळी समोरच्या इमारतीतील एक आजोबा तान्ह्या बाळाला कोवळ्या उन्हात घेऊन बसलेले दिसले आणि माझ्या वडिलांचे ते दिवस डोळ्यांसमोर उभे राहिले. वडील एसटीत चालक होते. आमचे कुटुंब एकत्र होते आणि वडीलधाऱ्यांसमोर स्वतःच्या मुलाला उचलून घेणे म्हणजे मर्यादा सोडणे, असे त्या घरात मानले जाई. त्यामुळे आम्हा भावंडांपैकी कोणालाही त्यांनी तान्हेपणी हातात घेतल्याचे आईला आठवत नाही. माझी मुलगी दिवस भरण्याआधीच जन्मली. तिचे वजन १ किलो ७०० ग्रॅम होते. अतिदक्षता कक्षातून बाहेर आल्यावर तिला कांगारू पद्धतीने उघड्या छातीशी धरून ठेवायचे होते, परंतु पत्नीला सिझेरियननंतर ताप आला होता आणि मला खोकला होता. घरातले आणखी कोण आहे, असे परिचारिकेने विचारताच वडील काही न बोलता उठले, आंघोळ करून आले आणि सदरा काढून खुर्चीत रेलून बसले. त्यांना एकही अंगाई येत नव्हती, म्हणून ते तिला आपल्या गाडीचे थांबे सांगत : मिरज, सांगली, आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका, कराड, उंब्रज, सातारा. स्वारगेट येण्याच्या कितीतरी आधी ती झोपलेली असे, तरीही ते जागचे हलत नसत. आता ती दहावीत आहे आणि घरात कोणाशी बिनसले की अजूनही आजोबांच्याच खोलीत जाते. आपल्याकडे हे नाते कसे जुळले, ते कृपया लिहावे.

वॉर्डातली_ताई :
दादा, आपल्या वडिलांना माझा नमस्कार सांगावा. मी नवजात बालकांच्या कक्षात काम करते. कोलंबियातील बोगोटा येथे इन्क्युबेटर अपुरे पडत असल्यामुळे १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत सुरू झाली आणि आज अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळांना रोज ८ ते २४ तास असे धरावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. इतके तास एकट्या बाळंतिणीकडून होत नाहीत, म्हणून आम्ही घरातल्यांच्या पाळ्या लावतो. आजोबा फार स्थिर बसतात, कारण त्या वेळेत त्यांना दुसरे काहीच करावेसे वाटत नाही.

राजापूरची_आजी :
आमचे नाते न्हाणीघरात जुळले. बाळगुटी उगाळून देणे आणि जिभेला मध लावणे या दोन्ही गोष्टी डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही सोडल्या. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही द्यायचे नाही, आणि मधात असू शकणाऱ्या जंतूंच्या बीजाणूंमुळे वर्षाच्या आतील बाळाला तो धोक्याचा असतो, हे त्यांनी नीट समजावून सांगितले. मला वाईट वाटले, कारण सहाण, मुरुडशेंग, मायफळ, हळकुंड असे सगळे मी आधीच जमवून ठेवले होते. परंतु पायांवरचे न्हाणे माझ्याकडेच राहिले. पाटावर बसून पाय लांब करायचे, नातवाला त्यावर पालथे घ्यायचे, खोबरेल तेल हलक्या हाताने चोळायचे आणि सूनबाईने तांब्याने कोमट पाणी सोडायचे. उताणे केले की तो रडणे थांबवून माझ्या तोंडाकडे टक लावून पाही. इतक्या लहान बाळाला जेमतेम वीतभर अंतरावरचेच स्पष्ट दिसते, आणि त्या अंतरावर तेव्हा मी होते, हे मला फार मोलाचे वाटते. सूनबाईची आणि माझी मने जुळली तीही तेथेच.

टोरांटोकर :
काकू, ते वीतभर अंतर आम्हाला फार जाणवले. आई बाळंतपणाला आली, परंतु बाबा नागपूरलाच राहिले आणि नातीला फक्त पडद्यावर पाहत राहिले. ते आले तेव्हा ती तीन महिन्यांची झाली होती आणि त्यांच्याकडे जाताच रडत असे. बाबांनी आग्रह धरला नाही. ते तिची दुपटी धुऊन घड्या घालू लागले, तिच्या शेजारी चटई टाकून वाचत बसू लागले, आणि एके दिवशी तिनेच हात हलवून त्यांचे बोट पकडले. म्हणून पहिल्या भेटीत बाळ रडले तर आजी-आजोबांनी मन लहान करू नये.

गोदेची_लेक :
माझ्या बाळाच्या जन्माआधी दोनच महिने सासरे गेले. बारशाला सासूबाईंनी पाळण्याजवळ येऊ नये, असे नात्यातील काही जणींचे म्हणणे पडले आणि सासूबाई स्वतःहून स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. तेव्हा कानात नाव सांगण्याचा मान ज्यांचा होता त्या वन्संनीच बाळाला उचलले, आत नेऊन आपल्या आईच्या, म्हणजे सासूबाईंच्या, मांडीवर ठेवले आणि ‘आधी तू सांग, मग मी सांगते’ असे म्हटले. नंतर पाळणाही सासूबाईंच्याच हातून हलवला गेला. त्या वेळी बाहेर कोण काय बोलले, याची मी आजवर चौकशी केलेली नाही.

राजापूरची_आजी :
तुझ्या वन्संना उदंड आयुष्य लाभो. आमच्याकडेही हे बदलायला हवे.

घाईत_लिहितोय :
वॉर्डाबाहेरून लिहीत आहे. मुलगा कालच झाला, वजन १ किलो ६०० ग्रॅम आहे आणि कांगारू पद्धत सुरू करा असे सांगितले आहे. सासरे आनंदाने तयार आहेत, परंतु ते विडी ओढतात. ताई, चालेल का?

वॉर्डातली_ताई :
दादा, विडी पूर्ण बंद केल्याशिवाय त्यांना बसवू नये. धूर अंगाला आणि कपड्यांनाही लागलेला असतो. खोकला, ताप किंवा अंगावर पुरळ नसावे, आंघोळ झालेली असावी आणि नखे कापलेली असावीत. बाळाला टोपी, मोजे आणि लंगोट एवढेच घालून छातीच्या मधोमध उभे धरावे, मान एका बाजूला आणि किंचित वर ठेवावी, म्हणजे नाक मोकळे राहते. पहिल्यांदा परिचारिकेसमोरच धरावे. आजोबांची विडी सुटेपर्यंत आपण स्वतः बसावे, कारण बापाची पाळी आजोबांच्या आधी येते.

घाईत_लिहितोय :
आभारी आहे. हात धुऊन आत जातो आणि सिस्टरांना विचारतो.