एम.ए.च्या मुलांना संगणक शिकवायचा, तो कोणाच्या तासिका कापून?

गोदाकाठ: नाशिकमध्ये एम.ए. इतिहासाला शिकवते. कला शाखेच्या पदव्युत्तर मुलांना संगणक सक्तीचा करा, असं माझं ठाम मत आहे. एमएस-सीआयटी अनेकांनी केलंय, पण संशोधनाला ते पुरत नाही. पेशवाईतल्या पत्रांची यादी एक्सेलमध्ये करून बघा. एक्सेलची तारीख १ जानेवारी १९०० पासून सुरू होते. १७६१ ची तारीख त्याला नुसता मजकूर वाटतो, क्रम लावला की पत्रं उलटीपालटी होतात. वर्ष, महिना, दिवस वेगळ्या रकान्यांत भरले की झालं. पण हे मुलांना सांगतं कोण? जुन्या फॉन्टांतल्या फायलींचंही तसंच. दिसायला मराठी, आत रोमन अक्षरांचे संकेत. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेत असलेल्या पद्धतीत, आणल्याशिवाय शोधून एक शब्द सापडत नाही.

मोडीवाचक: मॅडम, माझा विरोध आहे. दोन वर्षांत मुलांना मोडी लिपीचं एक पान सलग वाचता येत नाही, तिथे आणखी एक पेपर? लपेटीतलं, म्हणजे हात न उचलता जोडून लिहिलेलं, अक्षर ओळखायला रोजचा सराव लागतो. रकाने कसे भरायचे ते नोकरीत आठवड्यात शिकता येतं. मोडी शिकवायला तिथे कोणी बसलेलं नसतं. मोडीच काय, पांडवलेण्यांतले सातवाहनांचे ब्राह्मी लिपीतले लेख वाचू शकणारे नाशिकमध्ये किती उरलेत, हीच मला खरी चिंता.

सुरगाण्याची: मी एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी संगणक नाही, लघुप्रबंध मोबाइलवर टाइप करतेय. सक्तीचा पेपर आला तर शहरातली मुलं गुण घेतील आणि आम्ही मागे पडू. पण शिकायचं मलाही आहे. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, संदर्भसूची आपोआप बनते, हे मला परवा मैत्रिणीकडून कळलं. तोवर सगळी सूची हाताने लिहून झाली होती. पेपर नको, कॉलेजची लॅब संध्याकाळी उघडी ठेवा.

गोदाकाठ: ताई, गुणांचा मुद्दा पटला, परीक्षा नकोच. सर, मोडीची एकही तासिका मी मागत नाही. मोडी २०१४ पासून युनिकोडमध्ये आहे. मुलांनी वाचलेलं पान टंकून ठेवलं, तर पुढच्या वर्षीच्या मुलांना सरावाला मिळेल.

मोडीवाचक: टंकून ठेवायला हरकत नाही. पण आधी वाचून दाखवायचं, मग टंकायचं. चुकीचं वाचन एकदा फाइलमध्ये गेलं की पुढचे सगळे तेच उतरवतात. आणि तपासायला माणूस लागेल, त्याची सोय आधी सांगा.

सुरगाण्याची: सर, तुम्ही तपासणार असाल तर टंकायला मी येते. लॅब मात्र उघडी हवी.