हवाईला एकच दिवस मोकळा आहे, काळ्या वाळूचा किनारा बघू का हिरव्या?

होटगीरोडकर:
नमस्कार मंडळी. मुलगी-जावई कॅलिफोर्नियात असतात, डिसेंबरात आम्ही दोघं जातोय आणि त्यांनी हवाईच्या बिग आयलंडचं चार दिवसांचं बुकिंग केलंय. दक्षिण टोकाकडं जायला एकच दिवस मिळणार. माझं मन पापाकोलेआवर आहे, हिरव्या वाळूचा किनारा, तिथपर्यंत रस्ताच जात नाही म्हणून निवांत असतो म्हणे. पण हिचे गुडघे दुखतात, सिद्धेश्वर तळ्याला एक चक्कर मारली की कट्ट्यावर बसावं लागतं. जावई म्हणतो पुनालुऊला जाऊ, तिथं काळी वाळू आहे आणि गाडी जवळपर्यंत जाते. कुणी गेलंय का? आणि नातू सातवीत आहे, विज्ञान प्रदर्शनात ठेवायला बाटलीभर वाळू आणा म्हणून मागं लागलाय. आणता येईल ना?

भीमाकाठ:
काका, आम्ही दोन वर्षांमागं जाऊन आलो. पापाकोलेआला काकूंना चालत नेऊ नका, अगदी मनापासून सांगतोय. गाडी लावली की तिथनं एका बाजूला साधारण 4 किलोमीटर चाल, परत यायचं तेवढंच, झाड म्हणून एक नाही आणि वाट म्हणजे गाड्यांनी उकरलेली लाल धूळ. वारा एवढा की ऊन लागायलंय हे कळतच नाही, आणि ते टोक 18.9 अक्षांशावर, आपलं सोलापूर 17.7, म्हणजे ऊन काय असतंय ते तुम्हाला सांगायला नको. मी टोपी हातात धरूनच चाललो आणि रात्री मान भाजल्यासारखी झाली. माणशी दोन लिटर पाणी न्याच. तिथले लोक पैसे घेऊन पिकअपमधनं नेतात, पण ती हाडं खिळखिळी करणारी गाडी आहे, गुडघ्याला तीही नको. शेवटी खाली उतरायचा कडा आहे तो वेगळाच. पण काका, वरनं पहिल्यांदा ती खाडी दिसते ना, शेवाळी हिरवी वाळू आणि त्याला लागून निळं पाणी, मी पाच मिनिटं नुसता उभा होतो. आम्ही सकाळी आठलाच निघालो होतो, पोचलो तेव्हा सगळी मिळून सहा माणसं होती.
एक मात्र ऐका, पाण्यात कमरेच्या पुढं जाऊ नका. लाइफगार्ड नाही, आणि आपण उजनीत पोहणारी माणसं, लाटेची ओढ आपल्याला कळत नाही.

काळीमाती:
मी भूगोल शिकवते म्हणून वाळूबद्दल थोडं लांबण लावते. पुनालुऊची काळी वाळू म्हणजे बसाल्ट. तापलेला लाव्हा समुद्रात शिरला की एकदम थंड होऊन फुटतो, त्याचेच ते दाणे. आपलं सोलापूरही बसाल्टवरच बसलंय, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, फक्त आपल्याकडं तो उन्हापावसात कुजत कुजत रानातली काळी माती झाला, उन्हाळ्यात भेगा पडतात तीच. पापाकोलेआची हिरवी वाळू म्हणजे ऑलिव्हिन हे खनिज, सुमारे 49 हजार वर्षांपूर्वीच्या पुऊ महाना नावाच्या राखेच्या टेकडीतलं. समुद्र ती टेकडी खातोय, हलकी राख वाहून जाते आणि जड ऑलिव्हिन मागं राहतं.
म्हणूनच वाळू आणू नका, बाटलीभर काय, चिमूटभरसुद्धा नको. कायद्यानंच बंदी आहे, आणि टेकडी संपली की तो किनाराही संपला, नवा माल कुठून येणार नाही. काळ्या वाळूचंही तेच, लाव्हा यायचा थांबला की समुद्र हळूहळू नेतो. त्याच बेटावरचा कायमूचा काळा किनारा तर 1990 मध्ये लाव्ह्याखालीच गेला. तिथल्या लोकांसाठी ही ज्वालामुखीच्या पेले देवीची जागा आहे, नेलेले दगड लोक माफीच्या पत्रासकट पोस्टानं परत पाठवतात. देवराईतली काटकी आपण घरी आणत नाही, तसंच समजा.

जुळेसोलापूर:
काकूंसाठी पुनालुऊच बरं. नारळाची झाडं आहेत, बसायला सावली, वाळूवर कासवं येऊन पडतात. त्यांना लांबूनच बघा, हात लावायला बंदी आहे. दुपारी वाळू तव्यासारखी तापते, चप्पल काढू नका. दोन्ही जागा एकाच बाजूला आहेत, सकाळी तुम्ही नि जावई पापाकोलेआ करा, दुपारनंतर सगळे मिळून पुनालुऊ. आणि नातवाला काळी वाळू हातात घेऊन बघायची असेल तर सुट्टीत रत्नागिरीच्या काळ्या समुद्राला न्या ना, मांडवीला. तिथली वाळू इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या लोहयुक्त खनिजांनी काळी आहे, लोहचुंबक फिरवलं की दाणे चिकटतात.

होटगीरोडकर:
सगळ्यांचे आभार. हिला वाचून दाखवलं, ती म्हणाली मी मुलीजवळ हॉटेलवर थांबते, दुपारी मला कासवं दाखवा म्हणजे झालं. नातवाला वाळूचं समजावलं तर जरा हिरमुसला, मग त्यानंच विचारलं की आपल्या मोहोळच्या रानातली माती चालेल का. आता प्रदर्शनात बाटलीत आपली काळी माती आणि शेजारी मी काढलेला पुनालुऊचा फोटो ठेवायचा ठरलंय. काळीमाती मॅडम, तक्त्यावर लिहायला तो लाव्हा थंड होऊन फुटतो तो भाग सातवीच्या पोराला कळेल असा दोन ओळीत लिहून द्याल का?