तुरुंगातील श्रमांचे शोषण दाखवणारी वस्तू कशी असावी?

प्रश्न: डिझाइनच्या अंतिम वर्षासाठी मी अमेरिकेतील तुरुंगश्रमावर रोज वापरता येईल अशी वस्तू करत आहे. गजांच्या आकाराचा दिवा सुचला आहे. तो योग्य वाटतो का?

उत्तर १: गज नकोत, फारच ढोबळ होईल. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवताना गुन्ह्याच्या शिक्षेचा अपवाद ठेवला, आणि आजही संघीय तुरुंगांच्या कारखान्यांत मजुरी तासाला २३ सेंटपासून सुरू होते. म्हणून असे घड्याळ करा, ज्याचा काटा तासभर फिरून जेमतेम २३ वर पोचेल.

उत्तर २: घड्याळापेक्षा खुर्ची बरी, कारण तिथले कैदी खरोखरच कार्यालयांचे फर्निचर बनवतात. बैठकीखाली, सरकवताना बोटे लागतात तिथे, मजुरीचा दर कोरून ठेवा.

प्रश्नकर्ती: खुर्चीच करते. टेक्सासमध्ये बहुतेक कैद्यांना मजुरीच मिळत नाही, तेव्हा एकीखाली नुसते शून्य कोरेन.