फुकटच्या थाळीची रील केली तरी परमिट लागतं का? (शारजाह / दुबई)

शारजाहची_सुगरण

नमस्कार मंडळी. मी शारजाहला अल नहदामध्ये राहते, नवऱ्याच्या व्हिसावर. मराठी जेवणाचं छोटंसं पेज आहे, अकरा हजारांच्या आसपास फॉलोअर्स. अंबाडी कुठे मिळते, गणपतीत केळीची पानं कुठून आणायची, डब्यातल्या नारळाच्या दुधाची सोलकढी का फसते, असलं सगळं त्यात. आजवर कुणाचा एक दिरहमही घेतलेला नाही.

आता दुबईच्या करामा भागातल्या एका रेस्टॉरंटचा मेसेज आलाय. "ताई, चौघांची थाळी आमच्याकडून. तुम्ही फक्त रील टाका आणि आम्हाला टॅग करा." मी म्हटलं, सोशल मीडियावर जाहिरात करायला इथे परमिट लागतं ना, त्याचं काय? तर म्हणे, "आम्ही पैसे कुठे देतोय, परमिट पैसे घेणाऱ्यांना." एवढ्यावर थांबले नाहीत. माझी नणंद पुढच्या महिन्यात नाशिकहून येतेय, तिचं पेज माझ्यापेक्षा बरंच मोठं आहे, हे त्यांनी शोधून काढलं. "मग त्यांच्याकडून करून घ्या. त्या टुरिस्ट, त्यांना इथला नियम कशाला?"

नवरा म्हणतो भानगडीत पडू नकोस. नणंद म्हणते, वहिनी तू फार घाबरतेस. खरं काय ते कुणी सांगेल का?

मंदूब_सातारकर

ताई, नवरा बरोबर आहे. (हे वाक्य त्यांना दाखवायलाच हवं असं नाही.)

मी दुबईत कंपन्यांची पीआरओची, म्हणजे सरकारी कागदपत्रांची कामं करतो. सकाळी टायपिंग सेंटर, दुपारी कुठलं तरी काउंटर, त्यामुळे हा प्रश्न सारखा कानावर येतो. यूएई मीडिया कौन्सिलने, म्हणजे इथल्या माध्यमांचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, ३० जुलै २०२५ ला 'ॲडव्हर्टायझर परमिट' जाहीर केलं. आधी तीन महिन्यांची मुदत होती, ती ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवली आणि १ फेब्रुवारी २०२६ पासून नियम लागू. सोशल मीडियावर जाहिरात करायची तर परमिट हवं, मग जाहिरात पैसे घेऊन केलेली असो नाहीतर बिनपैशाची. मालकाने थाळी देऊ केली आणि बदल्यात रील मागितली, तिथेच जाहिरात झाली. बिलावर शून्य आहे की हजार, हे कुणी विचारत नाही.

सूट आहे, पण तुमच्या कामाची नाही. स्वतःचा माल, स्वतःची सेवा किंवा स्वतःची कंपनी आपल्याच अकाउंटवरून दाखवणाऱ्यांना परमिट लागत नाही. शिक्षण, खेळ, संस्कृती, जनजागृती अशा कामांतल्या १८ वर्षांखालच्या मुलांनाही नाही. करामातलं रेस्टॉरंट तुमचं नाही आणि तुम्ही अठराच्या आतल्या नाही असं धरून चालतो.

नणंदबाईंची गोष्ट तर आणखी अवघड. टुरिस्टला मोकळीक नाही, उलट तिच्यासाठी वेगळं व्हिजिटर परमिट आहे. ते तीन महिन्यांचं, एकदा आणखी तीन महिने वाढतं. पण तिने स्वतः अर्ज टाकून ते मिळत नाही, इथल्या लायसन्सवाल्या जाहिरात किंवा टॅलेंट एजन्सीमार्फतच जावं लागतं. एका थाळीसाठी एजन्सी! रेस्टॉरंटवाल्यांना एवढंच विचारा, "एजन्सीचा खर्च तुम्ही करताय ना?" परत मेसेज येणार नाही.

आता तुमचं. इथल्या रहिवाशांना परमिट पहिली तीन वर्षं फुकट आहे. हे ऐकून लोक खूश होतात आणि पुढची ओळ वाचतच नाहीत. अर्जाला इलेक्ट्रॉनिक मीडियाची ॲक्टिव्हिटी असलेलं ट्रेड लायसन्स लागतं, आणि खरा खर्च त्याचा. शारजाहमध्ये शम्स हा मीडियाचा फ्री झोन (स्वतःची लायसन्स देणारं खास व्यवसाय क्षेत्र) आहे, तिथे फ्रीलान्सचा भाव विचारून बघा. नवऱ्याच्या स्पॉन्सरशिपवर असल्यामुळे त्यांची एनओसी मागतील, तेव्हा आत्तापासून गोड बोलायला लागा. परमिट वर्षाचं असतं, मग रिन्यू. त्याचा नंबर अकाउंटवर ठळक दिसला पाहिजे. आणि आपलं अकाउंट दुसऱ्या कुणाला जाहिरातीसाठी वापरू द्यायचं नाही, म्हणजे तुम्ही परमिट काढून नणंदेची रील तुमच्या पेजवर चढवायची ही वाटही बंद.

तरी हे दिवस बरे म्हणायचे. २०१८ साली पहिल्यांदा इन्फ्लुएन्सर लायसन्स आलं तेव्हा १५,००० दिरहमचा आकडा ऐकून भल्याभल्यांनी फोन खिशात टाकले होते.

कोथरूड_टू_करामा

कोण बघतंय हो अकरा हजारवाल्यांना? आमच्या बिल्डिंगमध्ये तिघी-चौघी हेच करतात. पार्लर, केक, मुलांचे क्लास, रोज एक रील. सरकारला एवढा वेळ आहे का?

मंदूब_सातारकर

सरकारला वेळ नसतो, शेजारच्या हॉटेलवाल्याला असतो. त्याने तक्रार केली की झालं. पुरावा कुठे शोधायचाही नाही, तारीख, जागा, टॅग, "माझं नाव सांगा, दहा टक्के सूट" हे सगळं तुमच्याच पेजवर.

आणि फक्त परमिटवर भागत नाही. पार्लर म्हणता म्हणता लोक क्लिनिकच्या लेझरवर येतात, त्या जाहिरातीला आरोग्य खात्याची वेगळी मंजुरी लागते. दुबईत फ्लॅट दाखवायचा तर लँड डिपार्टमेंटचा परमिट नंबर वेगळा. अजून एक, जे थाळीच्या रीलमध्ये हमखास होतं. कॅमेरा वाटीवरून वर उचलला की मागच्या टेबलावरचं कुटुंब चेहऱ्यासकट आत येतं. २०२१ च्या सायबर कायद्यात संमतीशिवाय दुसऱ्याचा फोटो काढणं, टाकणं हा गुन्हा आहे. आमटीवरच फोकस ठेवा.

सीए_गंगापूररोड

नणंदबाई नाशिकच्या म्हणून दोन शब्द. भारतात असं परमिट नाही, पण म्हणून रान मोकळं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे पैसे, भेटवस्तू, फुकट मुक्काम, काहीही घेतलं असेल तर ते रीलमध्येच स्पष्ट सांगायचं. ढीगभर हॅशटॅगच्या तळाशी नाही. दिशाभूल करणारी जाहिरात निघाली तर दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत, शिवाय प्रमोशनवर एक वर्षापर्यंत आणि पुन्हा केलं तर तीन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. मराठी रील असेल तर सरळ 'जाहिरात' लिहा. जाहिरात मानक परिषदेच्या नियमात १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत लेबल किमान ३ सेकंद आणि दोन मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ दिसायला हवं.

माझ्याकडे येणारे मात्र दंडापेक्षा टॅक्सनेच जास्त दचकतात. कंपनीने मिक्सर पाठवला, रील झाली, मिक्सर घरीच राहिला, तर ते उत्पन्न. एका कंपनीकडून वर्षात २०,००० रुपयांच्या वर गेलं की १० टक्के टीडीएस, १ जुलै २०२२ पासून. मिक्सर परत केला तर नाही. पण परत करणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही.

शारजाहची_सुगरण

सगळ्यांचे आभार. रेस्टॉरंटला नाही कळवलं. तर आता म्हणतात, "बरं, आमच्याच पेजवर टाकतो. तुम्ही फक्त समोर बसून जेवा, आणि पहिल्या घासाला हात असा वर करून 'वाऽऽ' म्हणा." हे चालेल का? नणंदेने तर साडीसुद्धा ठरवलीय.

मंदूब_सातारकर

त्यांचं पेज, त्यांचं हॉटेल, त्यांचं लायसन्स, तिथवर त्यांचं ते बघतील. पण तीच रील तुम्ही किंवा नणंदबाईंनी आपल्या पेजवर शेअर केली, कोलॅब (एकच रील दोघांच्या पेजवर दिसणं) स्वीकारलं, की पुन्हा मूळ पदावर. आणि कॅमेऱ्यासमोर बसायचे पैसे घ्यायचे तर विषय वर्क परमिटपर्यंत जातो, नवऱ्याच्या व्हिसावर तो खेळ नको. तरी 'वाऽऽ' म्हणायचंच असेल तर आधी कौन्सिलला ईमेल टाका आणि उत्तर लेखी घ्या. नाहीतर बिल भरून जेवून या. साडी वाया जाणार नाही.