प्राग एका दिवसात, पायी

प्रागला एकच दिवस हाताशी आहे, पायी जमेल का, असं एकाने विचारलंय. जमेल की! आम्ही दोघांनी तसंच केलं. फक्त सुरुवात किल्ल्यापासून करा. ट्रामने वर जायचं आणि चालत खाली उतरायचं, म्हणजे दम लागत नाही. खाली नदीवरचा जुना दगडी चार्ल्स पूल १३५७ साली बांधायला घेतलेला, त्यावर ३० पुतळे. त्यातल्या संत नेपोमुकच्या (यांना याच पुलावरून नदीत टाकलं होतं) पुतळ्याखालची पाटी हात लावून लावून सोन्यासारखी चकाकतेय. आमच्या हिनेही रांग लावून हात लावलाच. पुढे जुन्या शहराच्या चौकात १४१० सालचं खगोलीय घड्याळ आहे, त्यात दर तासाला सांगाडा घंटा वाजवतो. खेळ मिनिटभरात आटोपतो, गर्दीत पाकीट तेवढं सांभाळा. आणि बूट जुनेच घाला. त्या दगडी फरसबंदीवर माझ्या नव्या बुटांनी दुपारीच टाचेला फोड आणला होता.