दिवसभर उभे राहून पायांना येणारी सूज आणि दाबाचे मोजे

प्रश्न (जळगाव) :
मी कापड दुकानात सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत काउंटरमागे उभा असतो. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुततो आणि घोट्याच्या वर अंगठा दाबला की पडलेला खळगा बराच वेळ भरून येत नाही. सकाळी मात्र पाय पूर्ववत असतात. सोबतच्या एकाने कॉम्प्रेशन सॉक्स सुचवले आहेत. त्यांनी नेमके काय होते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ते सोसवतील का?

उत्तर (धुळे) :
चालताना पोटरीचे स्नायू आवळले जाऊन शिरांतील रक्त वर ढकलतात आणि शिरांतील झडपा ते खाली उतरू देत नाहीत. एका जागी उभे राहिल्यास हा पंप जवळजवळ बंद पडतो, शिरांतील दाब वाढतो आणि त्यांतून झिरपलेले पाणी घोट्याभोवती साचते. हे मोजे घोट्यापाशी सर्वांत घट्ट आणि गुडघ्याकडे क्रमाने सैल असल्याने शिरा फुगत नाहीत व पाणी कमी झिरपते. चढलेली सूज उतरवण्यापेक्षा ती येऊ न देण्यासाठी त्यांचा अधिक उपयोग होतो, म्हणून ते सकाळी उठल्याबरोबर घालावेत आणि रात्री झोपताना काढावेत. साध्या सुजेसाठी बहुधा 15 ते 20 मिलिमीटर पारा इतका दाब पुरतो. घोट्याचा व पोटरीचा घेर सकाळीच मोजावा.

उत्तर (भुसावळ) :
मी शिक्षिका आहे. उष्म्याने शिरा सैलावतात, त्यामुळे सूज उन्हाळ्यात वाढते आणि नेमके तेव्हाच मोजे नकोसे होतात. बोटे उघडी राहणारे, पातळ विणीचे मोजे मला त्यातल्या त्यात सुसह्य वाटले. पहिल्या आठवड्यात मी वरचा काठ दुमडून घेत असे, तर तेथे दुहेरी दाब पडून गुडघ्याखाली वळ उठला. सुरकुतीही राहू देऊ नये.

उत्तर (नंदुरबार) :
मधुमेह असल्यास किंवा पायाच्या धमन्यांत अडथळा असल्यास तपासणीशिवाय हे मोजे घालू नयेत. एकाच पायाला अचानक सूज येऊन तो दुखू लागला, तर रक्ताची गुठळी असू शकते; तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. आपण रक्तदाबासाठी अम्लोडिपिन घेता का? त्यानेही घोटे सुजतात.

प्रश्नकर्ता (जळगाव) :
होय, दोन वर्षांपासून घेत आहे, आणि हा संबंध माझ्या ध्यानातच आला नव्हता. गोळी मनाने बंद करणार नाही. डॉक्टरांना पाय संध्याकाळीच दाखवतो, कारण सकाळी दाखवण्यासारखे काही उरत नाही.