शाळेजवळ वाइन शॉप येतंय, 75 मीटर म्हणजे नक्की कुठून कुठे मोजतात?

धानोरीची_मीरा

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा मदत करा. आमच्या सोसायटीसमोरच्या रोडला एका बिल्डिंगच्या खालच्या गाळ्यात महिनाभर काम चालू होतं, आधी वाटलं मेडिकल येतंय, मग लोखंडी जाळीचं काउंटर बसलं, मागे रॅक लागले आणि शेजारच्या किराणावाल्या काकांनी सांगितलं की वाइन शॉप आहे, पेठेतल्या कुणाचं तरी लायसन्स इकडे शिफ्ट होतंय. या गाळ्याच्या बरोबर मागे शाळेची भिंत आहे. भिंत अक्षरशः लागून, पण शाळेचं गेट पलीकडच्या गल्लीत. गल्लीच्या तोंडाला एक चर्च आहे, आणि अर्ध्याहून जास्त मुलं रिक्षाने नाही तर चालत याच रोडने येतात जातात, त्यात माझी सातवीतली मुलगी पण.

आता कुणी म्हणेल अजून सुरू झालं नाही तर एवढं कशाला. कारण पुढच्या चौकात एक बिअर शॉपी आधीच आहे आणि तिथे रोज काय चालतं ते मी बघते. दुकानात बसायला परवानगी नाही त्यामुळे माणसं बाटली घेऊन तिथेच फुटपाथवर उभी राहतात, बाइकच्या सीटवर ग्लास, खाली पाण्याचे पाऊच आणि चखन्याची पाकिटं, ड्रेनेजच्या झाकणावर काचा. संध्याकाळी क्लासवरून येणाऱ्या मुली तिथे आल्या की न बोलता फुटपाथवरून खाली उतरतात आणि टँकर, पीएमटीच्या रोडने चालतात, आणि मग पुढे जाऊन परत वर चढतात. कुणी छेड काढलीच पाहिजे असं नाही, पण एवढ्या वयात त्यांनी हे शिकून घेतलंय याचा मला प्रचंड राग येतो.

घरी कोण पितं कोण नाही याच्याशी मला घेणंदेणं नाही, माझा विरोध जागेला आहे. गाळ्याच्या मालकाचा माणूस म्हणतो "मॅडम, मोजणी झालीये, क्लिअर आहे". शाळेपासून 75 मीटर अंतर लागतं म्हणे, मग भिंतीला भिंत लागून असताना क्लिअर कसं? चर्च धरतात का? तक्रार कुठे करायची, पोलिसात की महापालिकेत?

आर_के_विमाननगर

मीराताई, क्लिअर आहे असं तो म्हणतोय ते कागदावर खरं असू शकतं, म्हणून आधी नियम नीट समजून घ्या. परमिट रूम, बिअर शॉपी, वाइन शॉप हे सगळं विदेशी मद्याच्या 1953 च्या नियमांखाली येतं (देशी दारूचे नियम वेगळे). त्यात शाळा-कॉलेज, धार्मिक संस्था, एसटी स्टँड यांच्यापासून 75 मीटर अंतर सांगितलंय, पण ते सरळ रेषेत मोजत नाहीत. दुकानाच्या दाराच्या मध्यापासून, पायी माणूस नेहमी ज्या जवळच्या रस्त्याने जाईल त्या रस्त्याने, संस्थेच्या सगळ्यात जवळच्या गेटच्या मध्यापर्यंत. कंपाउंड नसेल तर इमारतीच्या दारापर्यंत. त्यामुळे मागची भिंत चिकटलेली असली तरी गेट वळसा घालून असेल तर अंतर 75 च्या वर जातं आणि अर्ज पास होतो. इथे तुमचा मुद्दा एकच, शाळेला दुसरं गेट आहे का? बऱ्याच शाळांना बसचं किंवा शिपायाचं छोटं गेट असतं आणि मोजणीत ते सोयीस्कर विसरलं जातं. मुलं त्या गेटने खरोखर ये-जा करत असतील तर फोटो काढून ठेवा, शाळेकडून लेटरहेडवर लिहून घ्या.

शाळा म्हणजे मान्यताप्राप्त शाळा किंवा विद्यापीठाशी संलग्न कॉलेज, खाजगी क्लासेस त्यात धरत नाहीत. आपल्या पुण्यात हे फार मोठं भोक आहे. एकेका बिल्डिंगमध्ये पाचशे पोरं क्लासला येतात आणि खालीच परमिट रूम असते, नियमाच्या दृष्टीने तिथे विद्यार्थी नाहीतच.

चर्च धरतात. देऊळ, मशीद, चर्च, अग्यारी सगळंच, पण सार्वजनिक न्यास म्हणून रजिस्टर असायला पाहिजे. रस्त्याच्या कडेला रातोरात उभं राहिलेलं देऊळ दाखवून काही होत नाही, लोक तो प्रयत्न करतात आणि बाकीच्या चांगल्या हरकती पण त्यामुळे हलक्या पडतात.

शिफ्टचं कारण असं की वाइन शॉपची नवीन लायसन्स 1970 च्या दशकापासून देणं बंद आहे, म्हणून जुनीच फिरतात, पेठेत धंदा कमी झाला की वस्ती वाढतेय तिकडे आणतात. धानोरी, वाघोली, आंबेगाव सगळीकडे हेच. महापालिका यात नाही, जिल्हाधिकारी कार्यालय आणि राज्य उत्पादन शुल्कचे अधीक्षक यांना लेखी हरकत द्या आणि पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. सोबत माहिती अधिकारात स्थळ पाहणीचा अहवाल आणि मोजणीचा नकाशा मागा. दुकान चालू व्हायच्या आधी हे सगळं, एकदा शटर उघडलं की बंद करणं दसपट अवघड.

शंतनू_कात्रज

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. 75 चे 200 मीटर केले तरी काय होणार? पुण्यात असा कुठला रोड आहे जिथे दोनशे मीटरमध्ये शाळा, देऊळ, मशीद काहीच नाही. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने हायवेपासून 500 मीटरच्या आतली दुकानं बंद झाली होती, आठवत असेल, आमच्या बाजूला बायपासलगतची सगळी शटर खाली. लोकं प्यायची थांबली का, गाडी काढून लांब जायला लागली आणि तिकडून पिऊन गाडी चालवत परत, म्हणजे ज्यासाठी निकाल दिला त्याच्या उलटं. मग जुलैमध्ये कोर्टानेच शहरी हद्दीला तो निकाल लागू नाही असं स्पष्ट केलं आणि सगळं परत चालू. चंद्रपूरला 2015 ला दारूबंदी केली, 2021 ला उठवावी लागली, मधल्या काळात तिथे दारू मिळत नव्हती असं तिथला एकही माणूस सांगणार नाही.

मला विचाराल तर दुकान कुठे आहे यापेक्षा दुकानदार कुणाला विकतो आणि बाहेर काय चालू देतो हे बघा. आपल्याकडे बिअर-वाइनला 21 आणि बाकी दारूला 25 वय आहे, कुठल्या काउंटरवर आधार कार्ड बघतात सांगा? मे 2024 च्या कल्याणीनगरच्या अपघातातला मुलगा अल्पवयीन होता आणि त्याला बारमध्ये दारू मिळाली होती, दोन जीव गेले. तिथून शाळा किती मीटरवर होती याने काय फरक पडला असता?

धानोरीची_मीरा

आरके सर, खूप खूप आभार, शाळेला मागच्या बाजूला शिपायाचं छोटं गेट आहे आणि पावसाळ्यात पुढे पाणी साचलं की मुलं तिथूनच सोडतात! उद्याच मुख्याध्यापिका बाईंना भेटते.

शंतनू दादा, वयाचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य. पण पिणारा माणूस अजून पाच मिनिटं चालू शकतो, सातवीतल्या मुलीला शाळेचा रस्ता बदलता येत नाही, तिला तोच एक रस्ता आहे. दारूबंदी मी मागतच नाहीये, चंद्रपूरचं उदाहरण इथे लागू कसं होतं?

कॅम्पातला_जॉन

चर्चचा विषय निघाला म्हणून लिहितोय. आमच्या कॅम्पात, क्वार्टर गेटच्या बाजूला जुनी चर्चेस आणि जुने परमिट रूम दोन्ही पिढ्यानपिढ्या आहेत, त्यामुळे बरेच जण म्हणतात की चर्चला कशाला हवंय संरक्षण, रविवारी सकाळी दोन तास तर लोक येतात. असं म्हणणाऱ्यांना एक गोष्ट माहिती नसते. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगा बऱ्याच ठिकाणी चर्चच्या हॉलमध्ये नाहीतर शाळेच्या वर्गात भरतात, संध्याकाळी, शाळा सुटल्यावर. माझा मोठा भाऊ अशाच मीटिंगला जाऊन सुटला. सुरुवातीच्या दिवसांत मी त्याला सोडायला जायचो, कारण बसस्टॉपपासून हॉलपर्यंतच्या रस्त्यात एक दुकान होतं आणि तो मला सरळ म्हणायचा की एकटा गेलो तर हॉलपर्यंत पोचणार नाही. दिवसभर ऑफिसमध्ये धीराने राहिलेला माणूस त्या काउंटरसमोरून जाताना माझा हात धरायचा. पन्नाशीचा माणूस. लहान मुलांचं आपण बोलतो ते बरोबरच आहे, पण शाळा आणि चर्च या इमारतींमध्ये संध्याकाळी कोण येतं हे पण हरकतीत लिहा.

मीराताई, चर्चच्या कमिटीला भेटून न्यास नोंदणीच्या दाखल्याची झेरॉक्स मागा, फादर किंवा पास्टर जे असतील ते आनंदाने देतील. मात्र भाड्याच्या हॉलमध्ये प्रार्थनेला जमणारी छोटी मंडळी असेल तर बहुतेक वेळा रजिस्ट्रेशन नसतं आणि मग ते धरलं जाणार नाही, तेवढं आधी बघून घ्या.

सुनंदा_वारजे

मीरा, बाळा, मी यातून गेलेय म्हणून मोठं लिहिते, सांभाळून घे.

त्या गाळ्याच्या बिल्डिंगला सोसायटी झालीये का आणि तो गाळा सोसायटीच्या हद्दीत येतो का हे पहिलं बघ. मार्च 2025 मध्ये विधानसभेत सरकारने जाहीर केलंय की सोसायटीच्या गाळ्यात नवीन बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीची एनओसी लागेल. पिंपरी-चिंचवडच्या लोकांच्या तक्रारीवरूनच तो विषय तिथे गेला होता. तो आदेश लेखी मागून घे आणि हरकतीला जोड. गाळा ज्या बिल्डिंगमध्ये आहे तिथल्या लोकांशी बोल, वरच्या मजल्यांवर राहणारे बिचारे कुणी विचारायची वाट बघत असतात.

दुसरा रस्ता आडव्या बाटलीचा. 2008 च्या आदेशाप्रमाणे वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं की सह्या तपासतात आणि गुप्त मतदान घेतात, पत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. ऐकायला सोपं वाटतं पण नीट ऐक, मतदानाला आलेल्या बायकांपैकी निम्म्या नाही, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त आडवीला पडल्या पाहिजेत. गावात होतं हे, बायका एकमेकींना ओळखतात, हाक मारून नेतात. पुण्याच्या वॉर्डात यादीतली निम्मी नावं सोडून गेलेल्यांची, लग्न होऊन गेलेल्यांची, आणि जी आज तिथे भाड्याने राहते तिचं नाव यादीत नाही. सह्या गोळा करताना आम्ही जिने चढून चढून थकलो आणि दारात कळायचं की या ताई कधीच कोथरूडला गेल्या. जी घरी सापडायची ती मात्र लगेच सही करायची, आत बसलेल्या नवऱ्याकडे एकदा बघून, पण करायची. म्हणून सांगते, मतदानाच्या भरवशावर राहू नको, दुकान यायच्या आधी थांबव.

आणि शंतनू, बाहेर जे चालतं त्याबद्दल तू म्हणतोस ते बरोबर आहे पण मग ते पण करूया ना. वाइन शॉपच्या शेजारी अंडाभुर्जीची गाडी लागते, तो बाकडं, ग्लास, पाणी सगळं देतो, तो विनापरवाना गुत्ताच झाला. दारूबंदी कायद्याचं कलम 68 चालवणाऱ्यावर आणि 84 तिथे पिताना सापडलेल्यांवर लागतं. फोन केला की पोलीस येतात, पांगवतात, जातात, अर्ध्या तासात परत मैफल. फोनपेक्षा लेखी तक्रार, तारीख-वेळ-फोटोसकट, पोलीस स्टेशनला एक आणि एक्साइजला एक. चौकातल्या त्या बिअर शॉपीपासूनच सुरुवात कर, नवीन दुकानाच्या हरकतीत तोच पुरावा कामी येईल.

शंतनू_कात्रज

सुनंदा मावशी, कलम 68 चं माहिती नव्हतं, आमच्याकडे पण हाच प्रकार आहे, मी करतो. अंतराच्या नियमाबद्दल मत तेच आहे, पण मीराताई, त्या गाळ्याच्या बाबतीत तुम्ही हरकत घ्याच, छोट्या गेटचा मुद्दा जोरदार आहे.

धानोरीची_मीरा

सगळ्यांचे मनापासून आभार. आज मुख्याध्यापिका बाईंना भेटले, मागच्या गेटबद्दल लेटरहेडवर लिहून द्यायला तयार आहेत, पालक सभेतही विषय घेणार म्हणाल्या. चर्चच्या ऑफिसमध्ये उद्या जायचंय. जॉन दादा, तुमच्या भावाबद्दल वाचून तिथल्या हॉलमध्ये संध्याकाळी काय असतं ते पण विचारणार आहे, इतकी वर्षं समोर राहून कधी विचारलंच नव्हतं.

आरके सर, माहिती अधिकाराचा अर्ज अधीक्षकांच्या ऑफिसला करायचा की जिल्हाधिकारी कार्यालयाला? आणि धानोरी, लोहगाव, टिंगरेनगर भागातलं कुणी इथे असेल तर मेसेज करा, सोमवारी सकाळी हरकत द्यायला जातोय, जितक्या जास्त सह्या तितकं बरं.

आर_के_विमाननगर

दोन्हीकडे करा, वेगवेगळे अर्ज, फी दहा रुपये फक्त. आणि मागच्या गेटपासून गाळ्याच्या दारापर्यंत टेप लावून व्हिडिओ काढा, टेपवरचा आकडा आणि गेट एकाच फ्रेममध्ये दिसू दे. मी सोमवारी येतो.